फोर्स सरळ लागतो, मग दार गोल का फिरतं?

प्रश्न विचारलाय गोव्यातल्या फोंड्याच्या एका मुलीनं, अकरावी सायन्सला आहे, प्रायमरी मराठीतून झालीय आणि आता सगळं इंग्लिशमधून. रोटेशनल मोशनचा धडा सुरू झाला आणि गाडी अडली. तिच्या तीन शंका आहेत. फोर्स सरळ रेषेत लागतो तर वस्तू गोल का फिरते. टॉर्क, म्हणजे फोर्सचा फिरवण्याचा परिणाम, काढताना अंतराने गुणायचं कशाला, लांबून ढकललं म्हणून फोर्स वाढतो की काय. आणि दार आडवं फिरतं तरी टॉर्कचा बाण वर छताकडे कसा. फॉर्म्युला पाठ आहे, गणितं थोडीफार सुटतात, पण आतून पटत नाही, असं तिनं लिहिलंय.

बाय, पटत नाही हे तू लिहिलंस म्हणून मी सगळं काम बाजूला ठेवून हे टाईप करतोय. २६ वर्षं हायर सेकंडरीला फिजिक्स शिकवतोय, आणि ह्या धड्यात ज्यांना सगळं लगेच पटतं त्यांचीच मला जास्त काळजी वाटते, कारण पुढे जाऊन तेच अडकतात.

पहिल्यांदा जातं घेऊ. गावच्या जुन्या घरात कुठेतरी कोपऱ्यात असेलच, नसेल तर आजीला विचार. खाली एक दगड, वर एक दगड, वरच्या दगडाच्या काठाला लाकडी खुंटा आणि बरोब्बर मध्ये लोखंडाची खीळ. आजी खुंटा धरून ओढते तो फोर्स सरळच असतो, त्या क्षणाला तिचा हात ज्या दिशेला जातोय त्या दिशेला. आता मनातल्या मनात ती मधली खीळ काढून टाक आणि परत खुंटा ओढ. काय होईल? वरचा दगड थोडा वळेल आणि घसरत आजीच्या मांडीवर येईल. म्हणजे दगड जागच्या जागी फिरतो ते फक्त आजीच्या हातामुळे नाही, ती खीळसुद्धा दगडाला ढकलत असते, हात जेवढ्या जोराने ओढतो तेवढ्याच जोराने आणि बरोबर उलट दिशेला. दगडाचा मध्य जागेवरून हलत नाही ना, मग न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्याच्यावरचा एकूण फोर्स झीरो असायलाच पाहिजे. हाताचा एक, खिळीचा एक, दोन्ही सारखे, दोन्ही उलट, पण दोघांच्या रेषा वेगळ्या. एक काठावरून जाते, एक मधून. ह्या जोडीला पुस्तकात कपल म्हणतात, मराठीत बलयुग्म, आणि फिरवते ती ही जोडी.

मी वर्गात कुठलंही फिरणारं चित्र काढलं की मुलांना पहिलं विचारतो, खीळ कुठाय? कारण पुस्तकातल्या आकृतीत हाताचा बाण ठळक काढलेला असतो आणि खिळीचा बाण बहुतेक वेळा नसतोच, मग मुलांना वाटतं एकटा सरळ बाण कसा काय गोल फिरवतोय, ही काय जादू. दोन बाण काढले की निम्मी शंका तिथेच संपते. स्कूटरचं हँडल, पाण्याचा नळ, बाटलीचं बूच, सगळीकडे बघ, एका बोटानं ढकलतेस तेव्हा खीळ दुसरं बोट होते, आणि दोन बोटांनी फिरवतेस तेव्हा खिळीला फारसं कामच राहत नाही.

उरलेली निम्मी शंका दगडाच्या कणांची आहे. दगडातला प्रत्येक कण सरळच जायला बघतो, गोल जायची त्याला स्वतःला काही हौस नाही. पावसात मडगार्ड नसलेली सायकल चालवली की पाठीवर लाल चिखलाची रेघ उठते ना, ती कशी येते? टायरला चिकटलेला चिखल टायरबरोबर गोल जात होता, सुटला तसा गोल नाही गेला, सुटला त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला सरळ उडाला आणि तुझ्या शर्टावर बसला. दगडाचे कण सुटत नाहीत कारण शेजारचे कण त्यांना आत, मध्याकडे ओढून धरतात. मार्ग वाकवायचं काम ह्या आतल्या ओढीचं. हाताचं काम फक्त वेग वाढवायचं. ही दोन कामं मनात वेगवेगळी ठेव. आणि ती आतली ओढ बरोबर मध्याकडे जाते म्हणून तिचा टॉर्क झीरो, कितीही मोठी असली तरी.

आता अंतराचं. लांबून ढकललं की फोर्स वाढतो का? नाही, अजिबात नाही, फोर्स तेवढाच. तुझ्या खोलीचं दार घे. बिजागरीपासून ८० सेंटीमीटरवर, म्हणजे हँडलजवळ, ५ न्यूटननं ढकललंस आणि दार सरळ ९० अंश उघडलं. हात किती चालला? ०.८ गुणिले १.५७ (९० अंश म्हणजे १.५७ रेडियन), म्हणजे साधारण १.२६ मीटर. काम झालं ५ गुणिले १.२६, ६.३ ज्यूल. आता तेच दार बिजागरीपासून फक्त १० सेंटीमीटरवर हात ठेवून उघड. दार तेच, उघडायचं तेवढंच, तेवढ्याच वेगानं, म्हणजे ६.३ ज्यूलच लागणार. पण हात चालणार जेमतेम १६ सेंटीमीटर. एवढ्याशा वाटेत ६.३ ज्यूल द्यायचे तर ४० न्यूटन लावावे लागतात, म्हणजे चार किलोची पिशवी उचलण्याएवढा जोर. पाच गुणिले शून्य पॉईंट आठ किती? चार. चाळीस गुणिले शून्य पॉईंट एक? चारच. तो चार न्यूटन मीटर म्हणजे तुझा टॉर्क. अंतराने गुणायचं ते ह्यासाठी, की वस्तू सारखाच कोन फिरली तरी लांबच्या हाताला जास्त वाट चालावी लागते. मला विचारशील तर अंतराचं गुणणं ह्याच्यापेक्षा स्वच्छ कोणी सांगू शकत नाही, आणि ते धड्यात नंतर कुठेतरी वर्क डन बाय टॉर्क म्हणून येतं, ते खरं तर पहिल्या पानावर यायला पाहिजे. टॉर्कचं युनिट न्यूटन मीटर आणि एनर्जीचंही न्यूटन मीटर असं का, तेही इथेच कळतं, टॉर्कला रेडियनमधल्या कोनाने गुणलं की ज्यूल मिळतात. टॉर्कला मात्र ज्यूल म्हणायचं नाही, कारण नुसता जोर लावून दार हललंच नाही तर टॉर्क आहे पण काम काहीच झालेलं नाही.

तरफेचा हा हिशोब आर्किमिडीजनं २२०० वर्षांपूर्वी मांडून ठेवलाय. टॉर्क हा शब्द त्या मानाने अगदी कालचा, १८८४ सालचा, जेम्स थॉमसननं सुचवलेला, लॅटिनमध्ये पिळणं ह्या अर्थाचा जो शब्द आहे त्याच्यावरून. त्याआधी मोमेंटच म्हणायचे, आपल्या मराठी पुस्तकातलं आघूर्ण ते हेच.

टायर पंक्चरवाल्याकडे कधी उभी राहून बघ. कारच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळलेला असतो. २५ सेंटीमीटरचा पाना असेल तर सोडवायला टोकाला ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोचं वजन. म्हणून तो पान्यावर सरळ पाय देऊन उभा राहतो. नाहीतर दांड्यात पाईप घालतो आणि लांबी ५० करतो, मग २०० न्यूटनमध्ये भागतं. गंजलेला असेल तर जास्तच लागणार. सोडवताना पाईप घाल, पण आवळताना पाईप घालून उभं राहणं चुकीचं, बोल्ट ताणून तुटतो, आणि तुटतो तो गॅरेजमध्ये नाही, रस्त्यावर.

आता कोन. फॉर्म्युल्यात साइन थीटा येतो, थीटा म्हणजे दांडा आणि फोर्स ह्यांच्यातला कोन, तिथे मुलं डोळे मिटून कॅल्क्युलेटर मारतात. सायकल घे. फर्मागुडीचा चढ चढताना सीटवरून उठून तू सगळं वजन एका पेडलवर देतेस. समजा वजन ५० किलो, म्हणजे ५०० न्यूटन सरळ खाली. पेडलचा दांडा साधारण १७ सेंटीमीटर. दांडा आडवा असेल तेव्हा ५०० गुणिले ०.१७, म्हणजे ८५ न्यूटन मीटर, सायकल जोरात पुढे जाते. आणि दांडा सरळ उभा, पेडल अगदी वर असेल तेव्हा? तेच ५०० न्यूटन, तोच दांडा, टॉर्क झीरो. तू अख्खी उभी आहेस पेडलवर आणि सायकल ढिम्म हलत नाही, कारण तुझ्या फोर्सची रेषा बरोबर मधल्या ॲक्सलमधून जातेय. म्हणून मी सांगतो की साइन थीटा पाठ करू नको, फोर्सच्या बाणाची रेषा दोन्ही बाजूंनी पट्टीने लांब वाढव, आणि ॲक्सिसपासून त्या रेषेवर लंब टाक. त्या लंबाची लांबी गुणिले फोर्स, झाला टॉर्क. फोर्स कुठे टेकलाय ते नाही महत्त्वाचं, त्याची रेषा ॲक्सिसपासून किती लांबून जाते ते महत्त्वाचं.

घरात अजून एक बघ. आई आदोळीवर नारळ खवते तेव्हा पाटावर बसून का खवते? आदोळीचं पातं पाटाच्या पुढे बाहेर आलेलं असतं, त्याच्यावर नारळ दाबला की अख्खी आदोळी पुढे कलंडायला बघते, पाटाच्या पुढच्या काठाभोवती. आईचं वजन त्या काठाच्या मागे आहे, त्याचा टॉर्क उलटा, म्हणून आदोळी जागेवर. इथे काहीच फिरत नाही, आणि तरी टॉर्कचाच हिशोब चाललाय.

पुढचा मुद्दा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप, कारण दुसरी अडचण तिथे येणार हे मला माहितीये. एम आर स्क्वेअर, वस्तुमान गुणिले ॲक्सिसपासूनच्या अंतराचा वर्ग, पण स्क्वेअर का? एक मीटरभर काठी घे, पाण्यानं भरलेल्या एक एक लिटरच्या दोन बाटल्या घट्ट बांध, आधी मध्यापासून दोन्हीकडे १० सेंटीमीटरवर. काठी मध्ये धरून मनगटानं इकडे तिकडे हिसके दे. मग त्याच बाटल्या दोन टोकांना ५० सेंटीमीटरवर बांध आणि परत कर. वजन दोन किलोच, पण मनगट बोंबलेल. टोकाच्या बाटलीला तेवढ्याच वेळात तेवढाच कोन जायचा तर पाचपट वेग घ्यावा लागतो, म्हणजे तिला पाचपट फोर्स हवा. हा झाला एक पाच. आणि तो फोर्स पाचपट लांब लागतोय, म्हणून मनगटाला त्याचा टॉर्क आणखी पाचपट द्यावा लागतो. हा दुसरा पाच. पाच पंचे पंचवीस. ०.०२ वरून ०.५ किलोग्रॅम मीटर स्क्वेअर, काठीचं वजन सोडून. मोमेंट ऑफ इनर्शिया ही कल्पना ऑयलरनं १७६५ च्या ग्रंथात मांडली, पण तुझ्या मनगटाला ती दोन मिनिटांत कळेल. खरंच करून बघ, वाचून सोडू नको.

आता मला सगळ्यात आवडतं ते. खीळच नसेल तर? मांडवीच्या काठाला जेट्टीला लागलेली छोटी होडी डोळ्यांसमोर आण. होडीचं पुढचं टोक कोणीतरी पायानं जेट्टीपासून बाहेर ढकललं. पुढचं टोक लांब जातं आणि मागचं टोक जेट्टीलाच येऊन घासतं, होडीवाल्यांना हे पक्कं माहीत असतं म्हणून ते मागे टायर बांधून ठेवतात किंवा मध्यावर ढकलतात. ढकलली बाहेर आणि मागची बाजू आत आली, हे कसं?

कॅरम बोर्डवर कर. बोर्डवर भरपूर पावडर टाक, ३० सेंटीमीटरची पट्टी ठेव, शून्याच्या टोकाला बोटानं आडवी टिचकी मार, पट्टीला काटकोनात. पट्टीच्या मध्याला ॲक्सिलरेशन मिळतं फोर्स भागिले मास, अगदी टिचकी मध्यावर मारली असती तर मिळालं असतं तेवढंच. हे वर्गात कोणालाच खरं वाटत नाही, पण न्यूटनचा नियम सेंटर ऑफ मासला, म्हणजे वस्तुमानाच्या मध्याला, विचारत नाही की फोर्स कुठे लागला. वर पट्टी फिरते ते वेगळं, जादाचं. हिशोब केलास तर, पट्टीचा मोमेंट ऑफ इनर्शिया एम एल स्क्वेअर बाय बारा धरून, फिरण्यामुळे टोकांना मिळणारं ॲक्सिलरेशन मध्याच्या तिप्पट येतं. टिचकीच्या टोकाला एक अधिक तीन, चारपट. लांबच्या टोकाला एक वजा तीन, म्हणजे उणे दोन, ते मागे येतं! तीच होडीची मागची बाजू. आणि मग मध्ये कुठेतरी एक जागा असणार जी पहिल्या क्षणाला पुढेही जात नाही, मागेही येत नाही. ती येते मध्याच्या पलीकडे लांबीच्या एक षष्ठांशावर, म्हणजे २० च्या खुणेवर. तिथे स्केचपेननं ठिपका काढ आणि टिचकी मारताना ठिपक्याकडेच बघ.

हुशार मुलं इथे विचारतात, आणि तूही विचारशील, की सर, मध्यावर मारली तर पट्टी नुसती सरकते, टोकाला मारली तर सरकते तेवढीच आणि वर फिरते पण, मग जादा एनर्जी आली कुठून? बोटातून आली. टोक चारपट वेगानं पळतं, त्याच्या मागे फोर्स लावत राहायचं तर बोटाला तेवढ्याच वेळात चारपट वाट चालावी लागते, म्हणून काम चारपट. त्यातला एक भाग सरकण्यात, तीन भाग फिरण्यात. सगळा हिशोब पैशापैशाला जुळतो.

हेच घेऊन दाराकडे परत ये, कारण वर मी जात्याच्या खिळीबद्दल जे बोललो ते दाराला जसंच्या तसं लागू नाही आणि ते न सांगता सोडणं बरोबर नाही. जात्याचा मध्य खिळीवरच आहे, दाराचा मध्य बिजागरीवर नाही, तो स्वतः फिरतो. हँडलला ढकललंस तर बिजागरीकडची कड पट्टीच्या लांबच्या टोकासारखी मागे यायला बघते, बिजागरी तिला येऊ देत नाही, म्हणून त्या क्षणी बिजागरी दाराला तुझ्याच दिशेनं ढकलते. बिजागरीजवळ ढकललंस तर ती उलट ढकलते. आणि रुंदीच्या दोन तृतीयांशावर ढकललंस तर बिजागरीला त्या दिशेनं काहीच करावं लागत नाही. पावसाळ्यात वाऱ्यानं दारं धाडधाड आपटतात आणि बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होतात ना, दाराला स्टॉपर लावायचा तर बिजागरीपासून दोन तृतीयांशावर लाव, धक्का स्टॉपर घेईल आणि बिजागरीला झटका बसणार नाही. माझ्या घरी तसेच लावलेत.

परीक्षेचं थोडक्यात. वस्तू स्थिर असेल तर टॉर्क कुठल्याही पॉईंटभोवती घे, चालतं, म्हणून हुशारीनं घ्यायचा. पावसाच्या आधी कौलं शाकारायला शिडी भिंतीला लावतात, ते गणित येतंच, तिथे टॉर्क शिडीच्या पायाभोवती घे, जमिनीचे दोन्ही अननोन फोर्स आपोआप गळतात. पण वस्तू फिरायला लागलीय, वेग बदलतोय, तर मनाला येईल तो पॉईंट नाही चालत, एकतर पक्की खीळ घे नाहीतर सेंटर ऑफ मास. ह्या एका चुकीनं किती मार्क जातात ते मी पेपर तपासताना बघतो.

राहिला बाण. दार आडवं फिरतं आणि टॉर्क वर, म्हणजे वर काहीतरी ढकलतंय असं तुला वाटतंय. वर कोणीही ढकलत नाहीये. फिरणं दाखवायला एक बाण काढायचा आहे, कुठे काढशील? दाराच्या हँडलच्या दिशेनं काढलास तर दार फिरलं की बाण फिरला. हाताच्या दिशेनं काढलास तर तीही दर क्षणाला बदलते. सगळं फिरत असताना एकच रेषा जागेवर राहते, ती म्हणजे बिजागरीची उभी रेषा. म्हणून बाण तिच्यावर. आता वर की खाली, हे माणसांनी आपसात ठरवलं, उजव्या हाताची बोटं फिरण्याच्या दिशेनं वळव, अंगठा सांगेल ती दिशा. बाटलीचं बूच उघडताना वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, अंगठा वर, आणि बूचही वर येतं, म्हणून हा नियम लक्षात ठेवायला सोपा. डावा हात ठरवला असता तरी फिजिक्स तेच राहिलं असतं, फक्त सगळे बाण उलटे.

रात्री झोपताना पंख्याखाली हे कर. पंखा चालू केल्यावर पाती ज्या दिशेनं फिरतात त्या दिशेनं उजवी बोटं वळव आणि अंगठा वर जातो की खाली ते बघ, तो ओमेगाचा, म्हणजे फिरण्याच्या वेगाचा बाण. चालू करतानाचा मोटरचा टॉर्कही त्याच दिशेला. मग बटण बंद कर. पाती अजून त्याच दिशेनं फिरतायत, ओमेगाचा बाण तोच, पण पंखा हळू होत चाललाय, म्हणजे हवेचा आणि बेअरिंगचा टॉर्क आता अंगठ्याच्या बरोबर उलट आहे. फिरणं एका दिशेला आणि टॉर्क दुसऱ्या, हे दोन बाण वेगळे काढता आले की मला कळव, मग अँग्युलर मोमेंटमवर लिहितो.